मोजणी कुणाची चाललीय?

अमावास्येच्या रात्री आपण होऊन घराबाहेर पडणारी माणसं आपल्याकडे पूर्वी दोनच प्रकारची असत, एक चोर आणि दुसरा मांत्रिक. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. याच्या पाठीवर बॅग असते, खांद्यावर तिपाई असते, कपाळावर लाल उजेडाची बॅटरी बांधलेली असते आणि खिशात चंद्र कधी मावळतो ते सांगणारं ॲप असतं. हीच माहिती आजोबांनी पंचांग उघडून दिली असती तर त्यानं कानाआड केली असती. पुण्याहून संध्याकाळी निघायचं, सोलापूर रस्त्यानं भिगवण गाठायचं, पुढं कुठंतरी डावीकडं उजनीच्या काठाला उतरायचं आणि पहाटेपर्यंत आकाशगंगेचे फोटो काढायचे, असा त्याचा कार्यक्रम. एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारलं तर ‘फोटोसाठी’ असं तो म्हणत नाही. ‘बरं वाटतं’ म्हणतो. डोक्यातला कालवा थांबतो, ऑफिस विसरायला होतं, आपल्यासारखी चार डोकी भेटतात. थोडक्यात, त्याच्या मते कॅमेरा हा काढा आहे. असल्या दाव्याची थट्टा करणं सोपं आहे आणि ती मी पुढं करणारच आहे. पण दावा खोटा आहे असं मात्र मला वाटत नाही. गडबड आहे ती निदानात. आपण फोटोनं बरे झालो, असं त्याला वाटतं. माझं म्हणणं असं, की गुण येतो तो फोटो होईपर्यंत निमूटपणे जे थांबावं लागतं त्याचा, आणि त्या थांबण्यात जी माणसं न बोलावता सोबतीला येतात त्यांचा. फोटो हे नुसतं अनुपान.

हे पडताळून पाहायला बारामती-इंदापूरसारखा मुलूख नाही. उजनीची भिंत सोलापूर जिल्ह्यात भीमानगरला आणि पाण्याचा फुगवटा मात्र मागं इंदापूर, करमाळा, दौंडच्या अंगावर. १९८० साली धरण पुरं झालं. त्याचा एकूण साठा ११७ टीएमसी, पण त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे शून्याच्या खालचा. त्यामुळं उन्हाळ्यात हे धरण रिकामं होत नाही, मायनसमध्ये जातं. शाळेत ज्यांना ऋण संख्या कधी समजल्या नाहीत, तेही इथं ‘उजनी मायनस तीस’ एवढं ऐकून उसाचं पुढचं गणित तोंडी मांडतात. पाणी असं उतरत गेलं की धरणात गेलेलं पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर आधी शिखरानं आणि मग अंगानं वर येतं. नेमक्या त्याच एप्रिल-मे महिन्यांत आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग असलेली धनू रास मध्यरात्रीनंतर आग्नेयेला चांगली वर आलेली असते. खाली मंदिर उघडं, वर आकाशगंगा उघडी. जूनमध्ये पाऊस आला की दोन्ही झाकायला सुरुवात. म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं तो फोटोवाल्याचा सुगीचा काळ, आणि दोघं एकाच काठावर, एकाच आकाशाकडं, अगदी उलट्या इच्छा मनात धरून बघत असतात. ढग आला की एकाला हायसं वाटतं आणि दुसरा कपाळाला हात लावतो. दिवसाची गोष्ट वेगळी. हिवाळ्यात कुंभारगाव-डिकसळला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांच्या तोफेएवढ्या लेन्सा, त्यांना होडीतून फिरवणारे मच्छीमार, किनाऱ्यावरचं माशाचं जेवण, सगळं रीतसर बसलं आहे. रात्रीवाल्याला अजून गावानं कोणत्याच खात्यात घातलेलं नाही.

आता त्याचं काम जरा जवळून बघा. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप काहीच दिसत नाही, म्हणून आधी एखादी ठळक तारका, समजा ज्येष्ठा, पडद्यावर मोठी करून घ्यायची आणि लेन्सचं कडं केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवत तिचा ठिपका बारीकात बारीक करायचा. मग शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा हिशोब. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तेव्हा फार वेळ उघडं ठेवलं तर तारकांच्या अळ्या होतात. ठोकताळा असा, की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं. २० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ सेकंद. असे २५-२५ सेकंदांचे तीस-चाळीस फोटो एकामागून एक घ्यायचे, ते नंतर संगणकात एकावर एक रचले की सेन्सरचे दाणे विरतात आणि आकाश उरतं. एवढ्यावर भागत नाही. शेवटी लेन्सला टोपण लावून, मुद्दाम, काळेकुट्ट फोटो काढायचे, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा दोष वेगळा धरता येतो आणि वजा करता येतो. टोपण लावून तन्मयतेनं फोटो काढणारा माणूस बघून एखादा भला गावकरी ‘साहेब, झाकण राहिलंय’ म्हणाला तर त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण सबंध प्रकारात तर्काला धरून बोललं गेलेलं ते एकच वाक्य असतं. पण मुद्दा असा, की या दीड-दोन तासांत फोटोवाल्यानं करायचं काम जेमतेम दहा मिनिटांचं. बाकी वेळ शटर उघडं आहे तोवर हलायचं नाही, बॅटरी लावायची नाही, आणि मोबाईल बघायचा नाही. डोळ्याला अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका उजेडात ती कमाई बुडते. ज्या माणसाला लिफ्टमध्ये तीन मजले जाईपर्यंत मोबाईल काढल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला दोन तास मोबाईलवाचून उभं करणारी दुसरी युक्ती मला तरी ठाऊक नाही. विपश्यनेला निदान नाव नोंदवावं लागतं.

आणि तो उभा असतो म्हणूनच पुढचं घडतं. आपल्या भागात रात्री तिपाई लावून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल पहिला संशय कलेचा येत नाही, मोजणीचा येतो. पाटसहून बारामती, इंदापूर करत तोंडल्याकडं जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गासाठी या पट्ट्यात मोजण्या आणि भूसंपादन झालं. तेव्हापासून तीन पायांची कुठलीही वस्तू बांधावर दिसली की गटनंबर धोक्यात आहे असंच समजलं जातं. ‘मोजणी कुणाची चाललीय?’ हा पहिला प्रश्न. मंदिराजवळ असेल तर दुसरा संशय गुप्तधनाचा, आणि अमावास्या असल्यामुळं तो बळकट. त्यात २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत रात्रीच्या ड्रोनची अशी हवा पसरली, की गावंच्या गावं काठ्या घेऊन गच्च्यांवर जागली. त्या दिवसांत आकाशाकडं बघणं हाच गुन्हा होता, मग यंत्र लावून बघणाऱ्याची काय कथा. तेव्हा रात्रीच्या फोटोवाल्यानं शहाणपणानं आधी पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं, काठावरच्या वस्तीवर सांगून ठेवायचं, ओळखीचं एखादं पोरगं सोबत घ्यायचं. एवढं करूनही चौकशी होतेच. चौकशीला आलेला माणूस एकटा येत नाही; चौघं येतात, आणि आलेले परत जात नाहीत, कारण त्यांना तो पडदा बघायचा असतो. २५ सेकंद सगळे श्वास रोखून उभे. मग पडद्यावर आपल्याच मंदिरावर उभा राहिलेला दुधी पट्टा दिसतो, आणि मोजणीचा विषय बारगळून ‘आमचे आजोबा याच्याकडं बघून वेळ सांगायचे’ इथपर्यंत गाडी येते. कुठल्याही कलादालनात चित्रासमोर माणूस इतका वेळ उभा राहत नसेल. संशयातून सुरू झालेली ही ओळख फार टिकाऊ असते, कारण तिची सुरुवातच तुम्ही कोण, कुठले, कुणाचे या मूलभूत प्रश्नांनी झालेली असते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. रात्री जागून ताऱ्यांखाली थांबण्यानं माणूस बरा होत असेल, तर बारामती-इंदापूरचा ऊस बागायतदार एव्हाना जगातला सगळ्यात निरोगी प्राणी व्हायला हवा होता. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री येत आली. रात्रपाळी आली की ऐन थंडीत दारं धरायला जायचं हे इथल्या कित्येक पिढ्यांनी केलं. डीपीवर फ्यूज उडालेला, स्टार्टर हात लावावा की न लावावा अशा अवस्थेत, पायाखाली चिखल, उसात बिबट्या असल्याची बातमी ताजी. एक सरी भरली की पाणी पुढच्या सरीला लावायचं आणि पुन्हा थांबायचं. थांबणंही आहे, अंधारही आहे, आकाशगंगा तर फुकट. मग गुण का येत नाही? उत्तर असं, की थांबणं औषधी होतं ते पाय मोकळे असतील तर. फोटोवाला वाटेल तेव्हा तिपाई मिटून गाडीत बसू शकतो. शेतकऱ्याची लाईट पहाटे जाणार असते आणि अर्धं रान कोरडं असतं, त्याला कोण सोडतो? दिवसा वीज द्या ही मागणी वर्षानुवर्षं झाली, २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना आली, ती काय लोकांना तारे बघायचा कंटाळा आला म्हणून नव्हे. त्यामुळं फोटोवाल्यानं आपल्या जागरणाचं तत्त्वज्ञान बांधावर सांगायला जाऊ नये, ऐकणाऱ्याच्या हातात खोरं असतं. मात्र याच बांधावर माझ्या म्हणण्याला पुरावाही आहे. दारं धरायला दोघं असले, भाऊ असो, शेजारी असो, की तीच रात्र सुसह्य होते. नंतर वर्षभर पुरतील एवढ्या गप्पा होतात. आणि अलीकडं सरी भरेपर्यंतच्या वेळात शेतकऱ्याची पोरं मोबाईलवर चांदण्याचे फोटो काढू लागली आहेत. २०१८ नंतरच्या मोबाईलांत नाईट मोड आला. तो चोरून तेच करतो, भराभर बरेच फोटो घेऊन एकात एक मिसळतो. पाटाच्या पाण्यात पडलेलं चांदणं स्टेटसला लागतं आणि खाली पहाटे तीन वाजता शेजारच्या रानातल्याचा जबाब येतो, ‘तुमच्याकडं लाईट आहे का? आमची गेली.’ समाजमाध्यमांवरचा इतका उपयुक्त संवाद मी क्वचितच पाहिला आहे.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. कलेनं बरं वाटतं म्हणता, पुरावा काय? पुरावा आहे, फक्त तो फोटोवाल्याला वाटतो त्या बाजूला झुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र तपासले आणि कलेचा आजार टाळायला, सोसायला उपयोग होतो असा निष्कर्ष काढला. इंग्लंडमधल्या लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक फोटो काढून इतरांना दाखवणाऱ्या मोजक्या माणसांचा अभ्यास २०१८ मध्ये मांडला. त्यात लोकांनी फोटो किती सुंदर आला याचं कौतुक फारसं केलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं, की फोटोच्या निमित्तानं घराबाहेर पडणं झालं, बारकाईनं बघणं झालं आणि कुणाशी तरी बोलणं झालं. उलट बाजूला लिंडा हेन्केल यांचा २०१४ चा प्रयोग आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या वस्तू लोकांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. कॅमेऱ्यानं बघितलं म्हणून डोक्यानं बघितलं नाही. पण त्याच प्रयोगात वस्तूच्या एखाद्या भागाशी थांबून, तो भाग जवळ घेऊन फोटो काढणाऱ्यांची आठवण शाबूत राहिली. म्हणजे क्लिक करून पुढं गेलेला विसरला आणि थांबलेल्याला आठवलं. लग्नात नवरदेवापेक्षा जास्त फोटो काढलेल्या पाहुण्याला जेवणात काय होतं ते सांगता येत नाही, त्यामागचं शास्त्र हेच असावं. राहिला प्रश्न जागरणाचा. रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००७ मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ या यादीत टाकलं आहे, तेव्हा रोज जागून बरं होण्याच्या भानगडीत कुणी पडू नये आणि खरोखर झोप उडाली असेल तर लेन्सच्या दुकानाआधी डॉक्टरकडं जावं. सुदैवानं या छंदाचा डोस पंचांगच ठरवतं. महिन्यातून अमावास्येच्या आसपासच्या चार-दोन रात्री, त्यांतही ढग नसले तर, आणि पावसाळाभर सक्तीची विश्रांती. इतकं काटेकोर पथ्य कुठला वैद्यही सांगत नाही.

तिसरा आक्षेप गावात सगळ्यात जास्त ऐकू येतो: ‘हे सगळं संगणकावर बनवलेलं असतं.’ बनवलेलं असतंच. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना रंगच कळत नाहीत, त्यामुळं आकाशगंगा आपल्याला राखाडी ढगासारखी दिसते. सेन्सर २५ सेकंद उजेड साठवतो, त्याला तिच्यातला तांबूस रंग सापडतो. चाळीस फोटो रचून एक करणं ही लबाडी म्हणायची, तर बारामतीत राहून गेलेल्या मोरोपंतांचं काय करायचं? त्यांच्या नावावर १०८ रामायणं आहेत. राम तोच, सीता तीच, हनुमंताची उडी तीच. पण प्रत्येक वेळी वेगळी युक्ती. एकाच विषयाचं इतकं स्टॅकिंग मराठीत दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि तेही तेलाच्या दिव्यावर. खरी लबाडी वेगळी. लडाखची आकाशगंगा कापून पळसदेवच्या मंदिरामागं उत्तरेला चिकटवणारे महाभाग आहेत. त्यांना पकडायला यंत्र लागत नाही. धनू रास आपल्याकडून कधीही उत्तरेला दिसत नाही. ती आग्नेयेला उगवते आणि नैर्ऋत्येला मावळते. पण दिशेच्या या कडक नियमातून मी एका वर्गाला माफी देतो, तो म्हणजे आपल्याकडचे फ्लेक्स करणारे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री दीड वाजता, दुकानाचं शटर अर्धं ओढून, कुणा ‘भाऊं’च्या डोक्यामागं सबंध आकाशगंगा गरगरत ठेवणारा, खाली साठ शुभेच्छुकांचे गोल चेहरे एकाच मापात बसवणारा आणि त्यातला एकही मानापमानाच्या क्रमाबाहेर जाऊ न देणारा तो कलावंत रात्रीच्याच कलेचा आहे. त्याच्या खगोलशास्त्रात दम नाही, समाजशास्त्रात मात्र तो भल्याभल्यांना ऐकत नाही. आणि त्याच्याही दुकानात मध्यरात्री चार जण उगीच बसलेले असतात, काम नसताना, ‘माझा फोटो जरा वर घे’ म्हणायला. मंडळी जमली ती चित्र होईपर्यंतच्या वेळात. चित्र चौकात लागलं की त्याच्याकडं कुणी बघत नाही, अतिक्रमणवाले सोडून.

म्हणून लाईकांच्या आकड्यांवर समाज मोजणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. तेव्हा हाताशी रंगीत फोटो नव्हते, ग्रुप नव्हते, दाखवायला स्टेटस नव्हतं. तरी माणसं थंडीत कुडकुडत दुर्बिणीमागं रांग लावत राहिली. दुर्बिणीची रांग ही मोठी सोयीची जागा असते. बघायचं असतं अर्धा मिनिट आणि शेजारच्याशी बोलायला मिळतात वीस.

आता या औषधाचा कच्चा माल, म्हणजे अंधार, किती उरलाय ते बघू. बारामतीच्या बाजूला एमआयडीसीचा उजेड क्षितिजावर बारा महिने. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यांचे दिवे रात्रभर, आणि रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून, समोरच्याच्या डोळ्यांत दिवा घालत जाणारे ट्रॅक्टर. त्यांच्याविषयी तक्रार नाही. ऊस वेळेत गेलाच पाहिजे. तक्रार आहे ती चौकाचौकातल्या हायमास्टची. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश लोकांना आकाशगंगा दिसतच नाही, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून असं निघालं, की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वेगानं उजळत गेलं. हा वेग साखरेच्या भावाला लाभता तर कुणाची काही मागणी उरली नसती. यावर ‘मग काय बिबट्याच्या तोंडी द्यायचं का आम्हाला?’ असं कुणी विचारेल आणि ते बरोबर आहे. वस्तीवर दिवा हवाच. पण आपला हायमास्ट निम्मा उजेड आकाशाला देतो, चौथाई येणाऱ्याच्या डोळ्यांत घालतो आणि उरलेला जमिनीवर पाडतो, असाच बघणाऱ्याचा समज व्हावा. बिबट्या आकाशातून येत नाही. वरून झाकलेला, खाली तोंड केलेला दिवा त्याच विजेत जास्त जमीन दाखवतो. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिथल्या गावांतले शंभरावर दिवे असेच जमिनीकडं तोंड करून बसवले गेले. गावं अंधारात बुडाली नाहीत.

तेव्हा पळसदेव, डाळज, कुंभारगाव आणि काठावरच्या बाकी गावांतल्या वाचकांना एकच विनंती. १ मेच्या ग्रामसभेत नव्या हायमास्टचा विषय निघाला तर विरोध करू नका, निवडणुकीच्या वर्षी तर मुळीच नको. फक्त ठरावात एवढं घालायला लावा, की दिव्याला वरून टोपी असावी आणि काठाकडच्या बाजूला रात्री अकरानंतर तो बंद असावा. सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक म्हणून मोजणीची चौकशी करायला आलेल्या त्या चौघांपैकी कुणीही चालेल.